टाकी रोज भरते, तरी खोलीतली ओल का हटत नाही?

तक्रार साधारण अशी असते. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून तिचं पाणी टाकीत जमवणारं मशीन, आणला, पहिले चार दिवस सगळे खूश. कपाटातला कुबट वास गेला, चादरी अंगाला कोरड्या लागायला लागल्या. मग कधीतरी लक्षात येतं की आर्द्रतेचा आकडा ६८ टक्क्यांवर येऊन बसलाय आणि खाली उतरायचं नाव घेत नाही. टाकी धुतली, प्लग काढून पुन्हा लावला, तेवढ्यापुरतं बरं चाललं. आठवड्याभरात परत तेच. कुणी म्हणतं गॅस गेला, कुणी म्हणतं मशीन लहान पडतंय, कुणी म्हणतं ही मशीनं असलीच असतात.

माझ्याकडे हे रडगाणं जवळजवळ वर्षभर चाललं. त्या वर्षात मला कळलं ते इतकंच, की 'ओल हटत नाही' या एकाच तक्रारीखाली तीन निरनिराळी दुखणी असतात. मशीन पाणी काढतच नाही, हे पहिलं. मशीन पाणी काढतंय, पण तितकंच पाणी खोलीत परत येतंय, हे दुसरं. आणि आकडाच खोटा आहे, हे तिसरं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दोन दिवस बरं वाटतं आणि दुखणं परत येतं.

यातलं आपलं कोणतं, हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. मापाचं भांडं लागतं.

टाकीत जमलेलं पाणी रोज ठरावीक वेळेला मोजायचं आणि वहीत लिहायचं. सोबत खोलीचं तापमान, आर्द्रतेचा आकडा, आणि त्या दिवशी खिडकी उघडी होती का, कपडे आत वाळत होते का, एवढ्या चार गोष्टी. टाकी 'जवळजवळ भरली होती' असं लिहायचं नाही, मिलिलिटरमध्ये लिहायचं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण आठ दिवसांची ही वही जे सांगते ते मशीनच्या पुढच्या पट्टीवरचे दिवे कधीच सांगत नाहीत.

मुळात खोलीच्या हवेत पाणी असतं किती?

हा हिशेब एकदा करून पाहा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे ८० टक्के आर्द्रतेला २४ ग्रॅम, ५० टक्क्यांना १५ ग्रॅम. फरक ९ ग्रॅमचा. ३४ ने गुणलं तर ३०० ग्रॅमच्या थोडं वर. बस, इतकंच! पूर्ण खोलीची हवा ८० वरून ५० वर आणायला दीड पेला पाणी काढायचंय.

मग रोज तीन-चार लिटरची टाकी भरते ती कशाने? ते पाणी खोलीतल्या हवेचं नसतंच. ते कुठून तरी येत असतं. हे डोक्यात बसलं की अर्धं समस्या निवारण झालं.

सगळ्यात मोठी वाट बाहेरच्या हवेची. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के असेल, तर तिथल्या प्रत्येक घनमीटरमागे आपल्या ५० टक्क्यांच्या खोलीपेक्षा साडेदहा ग्रॅम पाणी जास्त असतं. दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सरकत्या काचेतून, एक्झॉस्टच्या भोकातून दर तासाला खोलीतली निम्मी हवा बदलत असेल, आणि बंद वाटणाऱ्या खोलीतही हे सहज होतं, तर तासाला १८० ग्रॅम पाणी आत येतं. दिवसाला सव्वाचार लिटर. खिडकी उघडी ठेवून मशीन लावणं म्हणजे वाहता नळ पोछ्याने आवरणं. मी स्वतः 'हवा खेळती राहावी' म्हणून बरेच दिवस झरोका उघडा ठेवत होतो. बाहेर आतल्यापेक्षा कोरडं असेल तेव्हा खेळत्या हवेचा उपयोग होतो, एरवी ती ओलच आत आणते.

दुसरी वाट कपड्यांची. वॉशिंग मशीनने पिळलेल्या पाच किलो कपड्यांतही अडीच लिटरच्या आसपास पाणी उरतं, आणि ते सगळं शेवटी हवेतच जातं. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ सोडतो. दोन माणसं आठ तास झोपली तर अर्ध्या लिटरच्या पुढे. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हाही पाणीच तयार होतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडी जास्त वाफ, भांड्यातून उठणारी वेगळी. झाकण नसलेली माशांची टाकी, बाथरूमचं उघडं दार, आतल्या कुंड्या, हे सगळं त्यावर.

तिसरी वाट लोक विसरतात, ती म्हणजे सामानाची. लाकूड, गाद्या, पुस्तकं, कापूस या सगळ्यांनी ओल पिऊन ठेवलेली असते. हवेची आर्द्रता बराच काळ ८० असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी असतं. ५० वर आणली तर ते हळूहळू ९ टक्क्यांवर येतं. १०० किलो लाकडी सामान असेल तर सात लिटर पाणी त्यातूनच निघायचंय. म्हणून नवीन मशीन लावल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस टाकी भराभर भरते आणि आकडा मात्र रेंगाळतो. त्या दिवसांत मशीनला दोष देऊ नका. रात्री बंद करू नका, खोली बंद ठेवा, कपाटांची दारं उघडी टाका. मशीन दिवसातून चार तासच लावलं तर उरलेल्या वीस तासांत सामान पुन्हा ओल पितं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात.

तर वहीत रोज भरपूर पाणी दिसत असेल आणि आकडा हलत नसेल, तर मशीन ठणठणीत आहे. वाट शोधा.

पाणीच कमी येतंय तेव्हा

आता उलट बाजू. आकडा ७५ आहे, खोली उबदार आहे, मशीन चोवीस तास घरघरतंय आणि टाकीत जेमतेम पेलाभर पाणी.

त्याआधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल एक शब्द. 'दिवसाला १२ लिटर' हे बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं. तुमची खोली २५ अंशांवर आणि ५५ टक्क्यांवर असेल तर तेच मशीन त्याच्या निम्मंही काढणार नाही, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. हवेत जे नाही ते काढणार कुठून? अमेरिकेत २०१९ मध्ये चाचणीचं तापमान सुमारे २७ अंशांवरून १८ अंशांवर आणलं, तेव्हा एका रात्रीत दिवसाला ७० पाइंटचं (एक पाइंट म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर) मशीन ५० पाइंटचं झालं. मशीन तेच, माप बदललं. तेव्हा वहीतले आकडे खोक्याशी नाही, आपल्याच मागच्या आठवड्याशी ताडून पाहा.

आणि मशीन कोणत्या जातीचं आहे तेही बघा. तळहाताएवढी, कॉम्प्रेसर नसलेली, आवाज न करणारी पेल्टियर मशीनं दिवसाला पाव ते अर्धा लिटर काढतात. कपाटाला ठीक. खोलीसाठी ती वापरणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

कॉम्प्रेसरवालं मशीन चालतं ते फ्रिजसारखंच. पंखा दमट हवा ओढतो, ती थंड कॉइलवरून, म्हणजे पातळ पत्रे बसवलेल्या नळ्यांवरून, जाते, थंड पेल्यावर जमावं तसं कॉइलवर पाणी जमून टाकीत ठिबकतं, आणि तीच हवा पुढच्या गरम कॉइलवरून कोरडी, कोमट होऊन बाहेर पडते. म्हणून पाणी कमी झालं की विचारायचे प्रश्न दोनच: कॉइल थंड होतेय का, आणि तिच्यावरून पुरेशी हवा जातेय का.

कॉम्प्रेसर चालू आहे की नुसता पंखा, हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा छोटा वॅट मीटर. घरगुती मशीन कॉम्प्रेसर चालू असताना साधारण २०० ते ५०० वॅट खातं, नुसता पंखा असेल तर ३० ते ६०. मीटर नसेल तर बाहेर येणाऱ्या हवेला हात लावा. अर्ध्या तासानंतरही ती खोलीइतकीच थंड असेल तर कॉम्प्रेसर झोपलाय. मात्र वीज जाऊन आल्यावर किंवा मशीन बंद करून लगेच चालू केल्यावर तीन-चार मिनिटं तो मुद्दामच थांबतो, तेवढा धीर धरा. त्यानंतर गुंऽऽ असा आवाज, मग टक्, मग शांतता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तोच खेळ, असं होत असेल तर बहुतेकदा सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर मेलेला असतो. भाग किरकोळ आहे, पण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. जाणकाराकडून बदलून घ्या. मशीन आडवं घालून आणलं असेल तर चालू करण्यापूर्वी काही तास, जमल्यास दिवसभर, उभं ठेवायचं; कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं ते परत खाली यायला हवं.

कॉम्प्रेसरऐवजी ओल शोषणारं फिरतं चाक आणि हीटर असलेली मशीनंही असतात. ती थंड खोलीतही काम करतात, त्यांत बर्फाचा प्रश्न नसतो, वीज मात्र जास्त खातात. त्यांचं पाणी अचानक थांबलं आणि बाहेरची हवा गरम येईनाशी झाली तर हीटर गेलाय किंवा चाक अडकलंय. खालचा बर्फाचा भाग त्यांच्या मालकांनी सोडून दिला तरी चालेल.

बर्फ: परत परत येणाऱ्या दुखण्याचं मूळ

माझ्या मते निम्म्याहून जास्त 'बरं होतं आणि परत बिघडतं' प्रकरणं इथे येऊन थांबतात. म्हणून इथे जरा रेंगाळतो.

खोली १८ अंशांच्या खाली गेली की थंड कॉइल शून्याच्याही खाली जाऊ लागते, आणि पाणी ठिबकण्याऐवजी तिच्यावर बर्फ धरतो. चांगलं मशीन हे ओळखून कॉम्प्रेसर थोडा वेळ थांबवतं, बर्फ वितळू देतं आणि पुन्हा सुरू होतं. थंडीतलं हे पातळ, सगळीकडे सारखं हिम म्हणजे बिघाड नव्हे. पण खोली २५-२८ अंशांवर असताना कॉइल पांढरी झाली असेल तर काहीतरी नक्की चुकलंय.

गोम अशी, की बर्फ स्वतःच स्वतःला वाढवतो. थोडा धरला की कॉइलच्या पत्र्यांमधली वाट अरुंद होते. हवा कमी जाते, कॉइल आणखी गार होते, बर्फ आणखी वाढतो. शेवटी मशीन बर्फाच्या लादीवरून नुसती हवा फिरवत बसतं. मग आपण वैतागून ते बंद करतो. रात्रभरात बर्फ वितळतो, सकाळी चालू केलं की मशीन नव्यासारखं! आपल्याला वाटतं, विश्रांती हवी होती बिचाऱ्याला. मूळ कारण जसंच्या तसं असतं, ते दहा-बारा दिवसांत पुन्हा डोकं वर काढतं.

माझ्याकडे हे तीनदा झालं. तपासायला आलेल्याने पुढचं झाकणही न उघडता 'गॅस कमी झालाय' असं सांगितलं. फिल्टर मी दर पंधरवड्याला धुवत होतो, त्यामुळे हवा अडतेय अशी शंकाही मला आली नाही. शेवटी एकदा टॉर्च घेऊन मागून बघितलं तर फिल्टर स्वच्छ आणि त्याच्या मागची कॉइल लोकरीची शाल पांघरल्यासारखी. फिल्टरच्या चौकटीची एक खालची खुंटी तुटली होती. तिथून बोटभर फट राहायची आणि कपड्यांचे धागे, केस, धूळ त्या फटीतून थेट आत. त्यावर रात्री आवाज नको म्हणून पंखा सगळ्यात हळू. बर्फ धरणार नाही तर काय होणार?

तेव्हा बर्फ दिसला की या क्रमाने जा. मशीन बंद करा, प्लग काढा, बर्फ आपोआप वितळू द्या. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, चमचा, काहीही टोकदार लावू नका. बर्फाखालच्या नळ्या पातळ असतात, आणि बऱ्याच नव्या मशीनांत आर-२९० म्हणजे प्रोपेन भरलेला असतो, जो पेट घेतो. याच कारणासाठी हेअर ड्रायर किंवा हीटरने बर्फ वितळवायची घाईही नको. मग फिल्टर बघा, तो चौकटीत नीट बसतो का ते बघा, आणि कॉइलच्या पत्र्यांवरची धूळ मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेने, उभी, वरून खाली काढा. आडवा ब्रश मारला की पत्रे वाकतात आणि नवी अडचण तयार होते. जोराच्या पाण्याचा फवारा तर नकोच. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर असतो, तो काढा. पात्याला प्लग काढलेला असताना बोटाने हलकं फिरवून बघा, अडकत असेल तर मोटर थकलीय.

मशीनची जागाही बघा. भिंतीला, पडद्याला, पलंगाला चिकटलेलं मशीन स्वतःचीच हवा पुन्हा ओढत राहतं. ज्या बाजूने हवा आत जाते आणि ज्या बाजूने बाहेर पडते त्या दोन्हीकडे निदान फूटभर मोकळं सोडा.

एवढं करून पंखा जोरात ठेवून मशीन चालवा आणि तासाभराने कॉइलकडे टॉर्चने पाहा. सगळी कॉइल सारखी ओली आणि थेंब पडताहेत, तर झालं काम. सगळ्या कॉइलवर परत बर्फ, तर हवा अजून अडतेय, किंवा कॉइलला क्लिपने लावलेला छोटा सेन्सर निसटलाय आणि मशीनला बर्फ झाल्याचं कळतच नाहीये. सुरुवातीच्या दोन-तीन नळ्यांवरच बर्फाची गाठ आणि उरलेली कॉइल कोरडी, खोलीइतकीच कोमट, तर मात्र गॅस खरंच कमी झालाय. हा फरक लक्षात ठेवा, कारण 'गॅस भरा' हा सल्ला सगळ्यात आधी आणि सगळ्यात कमी तपासून दिला जातो.

आणि गॅस खरंच कमी असेल तर तो गेला कुठून? ही मशीनं फ्रिजसारखी बंद नळ्यांची असतात. वापरून गॅस संपत नाही, गळूनच कमी होतो. गळती न शोधता भरलेला गॅस काही महिन्यांत पुन्हा जाणार आणि तुम्ही पुन्हा हाच मजकूर वाचत बसणार. गळती शोधून, सांधा नीट जोडून, आतली हवा ओढून, वजन करून गॅस भरणार असतील तरच करून घ्या. छोट्या मशीनला एवढा खटाटोप परवडतो का, हे आधी विचारा.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

मशीनवरचा आर्द्रतेचा आकडा मशीनच्या अंगाशी असलेला सेन्सर सांगतो. तो ओल्या कॉइलजवळ, पाण्याच्या टाकीजवळ असतो, आणि पाच टक्क्यांची चूक त्याला सहज माफ असते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, छातीच्या उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून दूर एक वेगळा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, ठेवा. मशीनच्या डोक्यावर ठेवू नका, तिथे सगळंच कोरडं भासतं.

तो हायग्रोमीटर तरी खरा बोलतो का? हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढेच पाण्याचे थेंब टाका, वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत शेजारी ठेवा, एकमेकांना लागू न देता. दहा-बारा तास, ऊन-पंखा-एसी यांपासून दूर. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हा मिठाचा गुणधर्म आहे. तुमचा मीटर ७० दाखवत असेल तर पुढे त्या भागातल्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे. माझा मीटर ८१ दाखवत होता. मी कित्येक आठवडे ज्या ६८ ला घाबरत होतो तो प्रत्यक्षात ६२ होता.

दुसरी फसगत तापमानाची. संध्याकाळी खोली २७ अंश आणि ६० टक्के. रात्री ती २३ अंशांवर उतरली. एक थेंबही पाणी आत आलं नाही, तरी आकडा ७५ होतो, कारण गार हवेत वाफ कमी मावते. सकाळी आकडा बघून 'रात्रभर मशीनने काय केलं' म्हणणाऱ्याने आधी थर्मामीटर बघावा. उलटही खरं आहे. मशीन खोली तापवतं, कारण खाल्लेली सगळी वीज आणि वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता, दोन्ही खोलीतच राहतात. लिटरमागे ही सुटलेली उष्णता पाऊण युनिटच्या जरा आत असते. खोली ३० वरून ३२ झाली की पाणी तितकंच असूनही ६० चे ५४ होतात. म्हणूनच वहीत तापमान लिहायला सांगितलं.

एसी आणि डिह्युमिडिफायर एकाच खोलीत एकाच वेळी लावले तर एक गार करतो, दुसरा तापवतो. दोघंही पाणी काढतात, पण गार झालेल्या खोलीत डिह्युमिडिफायरचं पाणी घटतं. एसी चालू असताना तो बंद ठेवा. एसी बंद असतानाच्या तासांसाठी त्याला राखून ठेवा.

शेवटचं, लक्ष्य. ३५ वर ठेवून 'जास्तीत जास्त कोरडं' करायचा हट्ट धरू नका. तिथे पोचायला मशीन अखंड चालतं, पाणी जवळजवळ निघत नाही, वीज मात्र जळते. बुरशी रोखायला ६० च्या खाली पुरतं, धुळीतल्या सूक्ष्म किड्यांसाठी ५०. मी ५५ वर ठेवतो.

टाकी रिकामी, तरी 'भरली' असा दिवा

हे दुखणं लहान आहे. टाकीत एक हलका तरंगता तुकडा असतो, त्यात बहुधा चुंबक बसवलेलं असतं, आणि मशीनच्या अंगात ते चुंबक ओळखणारा स्विच. पाणी साचून बुळबुळीत थर जमला की तरंगता तुकडा वरच चिकटून राहतो. टाकी साबणाने घासा, तो तुकडा वर-खाली मोकळा हलतो का बघा, चुंबक निखळून पडलं नाही ना ते पाहा. टाकी नीट सरकली नसेल तरीही हाच दिवा लागतो.

नळी लावून पाणी थेट मोरीत सोडलं असेल तर नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतरती हवी. मध्ये एक झोळ पडला की तिथे पाणी थांबतं, हवा अडकते, आणि पाणी मागे फिरून टाकीत किंवा थेट जमिनीवर येतं. नळीचं टोक पाण्यात बुडालेलं नको. महिन्यातून एकदा नळीत गरम पाणी सोडा, आत शेवाळ धरतं. आणि नळीमुळे पाणी मोजायचं राहून जातं, म्हणून तपासणीच्या आठवड्यात नळी काढून टाकीच वापरा.

ते पाणी स्वच्छ दिसतं म्हणून पिऊ नका. धूळ, जंतू आणि कॉइलच्या धातूचे अंश त्यात असतात. फरशी पुसायला चालेल.

वायर गरम लागणं, जळका वास, प्लगभोवती तपकिरी डाग, यांपैकी काहीही दिसलं तर समस्या निवारण तिथेच थांबवा आणि मशीन बंद करा. २०१३ मध्ये अमेरिकेत आगीच्या धोक्यामुळे वीस लाखांहून जास्त डिह्युमिडिफायर परत मागवले गेले होते, तेव्हा जुनं मशीन वापरत असाल तर त्याचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या परत मागवण्याच्या यादीत आहे का ते एकदा तपासा. सैल एक्स्टेंशन बोर्डावर हे मशीन दिवस-रात्र चालवू नका, भिंतीतल्या सॉकेटला लावा.

वहीने जे दाखवलं

कॉइल साफ झाली, खुंटीच्या जागी जाड टेपची पट्टी लावली, झरोका बंद केला, कपडे बाहेर गेले, मीटरची सहा टक्क्यांची चूक वजा केली. आकडा ६२ वरून ५७ वर आला आणि तिथे अडला. मशीन उत्तम चालत होतं. रोज २,१०० मिलिलिटर, पन्नास इकडेतिकडे. कोरड्या हवेच्या दिवशीही २,१००. दोन दिवस घर बंद होतं, कुणी झोपलं नाही, कपडे नाहीत, स्वयंपाक नाही. नळी लावून बादलीत पाणी सोडलं होतं, परत येऊन मोजलं: ४,२००.

हवा बदलली, माणसं गेली, तरी पाणी तेवढंच. म्हणजे ते हवेतूनही येत नव्हतं आणि आमच्यातूनही नाही.

भिंतींवर पारदर्शक प्लास्टिकचे फूटभर चौकोन चारही बाजूंनी टेप लावून चिकटवले. ही चाचणी सोपी आहे: दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल हवेची, प्लास्टिक आणि भिंत यांच्या मध्ये असतील तर ओल भिंतीतून येतेय. तीन भिंती कोरड्या निघाल्या. बाथरूमला लागून असलेल्या चौथ्या भिंतीवरचा चौकोन आतून धुक्यासारखा पांढरा झाला होता, खालच्या कडेला थेंब साठले होते. वरचा रंग अजून फुगलाही नव्हता, पोपडेही नव्हते, हाताला भिंत फक्त जरा गार लागायची.

फरशीच्या वर वीतभर उंचीवर, भिंतीतल्या पाइपच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. सांधा बदलल्यावरही पहिला आठवडा टाकीत फारसा फरक पडला नाही, कारण भिंतीने पिऊन ठेवलेलं पाणी निघायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात वहीत १,३०० लिहिलं, सहाव्यात ७००. आकडा ५२ वर आला, मशीन स्वतःहून बंद होऊ लागलं, आणि त्या शांततेची सवय नसल्यामुळे पहिल्या रात्री मी उठून ते बिघडलं तर नाही ना, ते बघून आलो.